आप्पांची गाडी पिकअप घेत नाही

मायाप्पा खरातांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका म्हशीशी कानडीत बोलत होते.

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना वळसंगच्या पुढं, रस्ता सोडून आत एक गाव आहे. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात माझी पहिलीच नेमणूक झाली होती. स्कूटी लावून आत गेले तर जनावरं अडकवायच्या लोखंडी खोड्यात म्हैस उभी होती, शेपटीजवळ तिचा घाबरलेला मालक होता, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन हा ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस "हेदरब्याड, हेदरब्याड" असं पुटपुटत होता. मला पाहून त्यांनी मान हलवली आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "घाबरू नगं म्हणतोय तिला. आळंदच्या बाजारातनं आणलीया. मराठी कळत न्हाय अजून."

मी हसले. ते हसले नाहीत. म्हशीनं मात्र खोड्याला धडका मारणं थांबवलं होतं.

कागदोपत्री मी दवाखान्याची अधिकारी आणि ते माझ्या हाताखालचे पशुधन पर्यवेक्षक. गावात मात्र ते 'डॉक्टर' होते आणि मी 'मॅडम'. मी त्यांना आप्पा म्हणायला लागले, कारण सगळेच म्हणत. मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. थोरल्या भावांबरोबर कळपामागं चालण्यात लहानपण गेलेलं, मग कशीबशी शाळा, मग डिप्लोमा आणि ही नोकरी. सोलापुरात कुमठा नाक्याजवळ दोन खोल्यांत राहायचे. बायको शालनकाकू, आणि चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणारा मुलगा. रोज मोटारसायकलवरून दवाखान्यात यायचे. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, वर हेल्मेट, आणि मागच्या सीटवर रबरी पट्ट्यांनी बांधलेला, कृत्रिम रेतनाच्या कांड्या गार ठेवायचा नायट्रोजनचा डबा. लांबून पाहिलं तर कुणाला तरी मागं बसवून आणतायत असं वाटायचं.

जनावराला हात लावायच्या आधी ते नुसते उभे राहायचे. हात पाठीमागं बांधून, थोडं बाजूला. कान कसे आहेत, रवंथ चाललाय का, मागचा पाय उचलून ठेवतंय का, सगळं बघत. मालकाला घाई असायची. "डॉक्टर, सुई मारा की." त्यावर आप्पांचं उत्तर ठरलेलं, "बघू की." रजेचा अर्ज मंजूर होईल का, पाऊस पडेल का, मुलाचं लग्न कधी, कशालाही हेच उत्तर. त्या दोन शब्दांत होकार किती आणि नकार किती हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं.

एकदा शेळी अडली होती. करडू आडवं झालेलं. मला वाटलं आता आप्पा बाह्या सरसावतील. त्यांनी स्वतःचा पंजा माझ्यापुढं धरला, फावड्यासारखा. "ह्यो म्हशीचा हात हाय. तुमचा बारीक हाय, तुमीच घाला." आणि ते शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मी आत चाचपडत होते आणि ते शेळीच्या तोंडाकडं बघून सांगत होते, "आता थांबा. आता कळ आलीया. हां, आता वडा." करडू बाहेर आलं तेव्हा त्यांनी त्याच्या नाकात गवताची काडी घातली, ते शिंकलं, आणि आप्पा माझ्याहून जास्त खूश झाले.

त्या पंजात ताकद मात्र फार होती. मेंढरांना लस टोचायला जायचो तेव्हा ते एकेक मेंढरू दोन्ही गुडघ्यांत धरायचे, डाव्या हातानं लोकर बाजूला, उजव्या हातानं सुई, आणि पुढचं. मी बाटल्या भरून देईपर्यंत त्यांची अर्ध्या वाडग्यातली मेंढरं टोचून झालेली असायची. धनगर मंडळी कौतुकानं बघत. आप्पा म्हणायचे, "ह्ये काय शिकून आलं न्हाय. ह्ये घरचं हाय."

दुसरी गोष्ट म्हणजे ते खोटा धीर देत नसत. गावात एक एकटी राहणारी आजी होती. तिची गाय व्याल्यावर बसली ती उठेना. सगळे उपाय झाले. शेवटी आजी हात जोडून म्हणाली, "डॉक्टर, एक सलाईन तरी लावा की." लावली असती तर तिला बरं वाटलं असतं. मी बाटली काढलीसुद्धा होती. आप्पांनी हळूच माझ्या हातातून ती घेतली आणि पेटीत ठेवली. आजीशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "आजी, ही आता उठायची न्हाय. सलाईन लावली तर तुमी उद्यापतूर वाट बघत बसचाल. तिला नुसतं सावलीत ऱ्हाऊ द्या. कुशी बदलत जावा, खाली पाचट घाला, अंगाला जखमा हुयाच्या न्हाईत." आजी रडायला लागली. ते उठून गेले नाहीत. तिचं रडणं संपेपर्यंत तिथंच बसले, गाईच्या पाठीवरून हात फिरवत.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग त्यांची गाडी बिघडली.

गाडी तशी जुनी, पण आप्पांनी जिवापाड सांभाळलेली. एके सकाळी दवाखान्यात आले ते वैतागून. "मॅडम, गाडी पिकअप घेत न्हाय. सरळ चालतीया तवर काय न्हाय. फुडं ट्रक आला, काढायला गेलो, रेस दिली की अडखळती. दम लागल्यागत करती. झटकं खाती आन् परत उचलती."

पहिल्यांदा त्यांनी पेट्रोलवर संशय घेतला. पंप बदलला. मग कुमठा नाक्यावरच्या गफूरभाईंकडं गेले. गफूरभाई म्हणजे आप्पांचा जुना मेकॅनिक, माझी स्कूटीही त्यांच्याकडंच असायची. त्यांनी प्लग बदलला. चार दिवस आप्पा म्हणाले, जरा बरी आहे. मग पुन्हा तेच. कार्बोरेटर उघडून साफ केला. एअर फिल्टर बदलला. टाकीत कचरा असेल म्हणून टाकी उतरवून धुतली. ॲक्सिलरेटरची केबल नवी घातली. प्रत्येक वेळी गफूरभाई स्वतः गाडी घेऊन होटगी रस्त्यानं चक्कर मारून यायचे आणि सांगायचे, "आप्पा, मक्खन चल रही है." आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी आप्पा तक्रार घेऊन परत.

त्या दिवसांत आप्पांना दुसरा विषय सुचत नव्हता. दवाखान्यात आले की आधी गाडीचं सांगायचे. आज कुठं अडखळली, चढावर की सपाटीला, गार असताना की तापल्यावर. जनावराकडं बघावं तसं ते लांब उभं राहून गाडीकडं बघत. एकदा ट्रक ओलांडताना मध्येच गाडीनं दम सोडला आणि समोरून बस आली. आप्पा थोडक्यात वाचले. त्या दिवशी आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, विकून टाका आता. ते चिडले. माझ्यावर एवढे एकदाच चिडले. "बिमार पडली म्हणून इकायची व्हय? रोग सापडंना हा डॉक्टरचा दोष, जनावराचा न्हवं."

शेवटी त्यांचा गफूरभाईंवरचा विश्वासच उडाला. शहरातल्या मोठ्या शोरूमला नेली, तिथंही दोष निघाला नाही. मग परत गफूरभाईंकडंच आले, थोडे ओशाळून. मी त्या दिवशी तिथं होते, माझ्या स्कूटीचं सर्व्हिसिंग चालू होतं. सकाळची वेळ, गॅरेजपुढं रस्त्यावर पाणी मारलेलं.

गफूरभाई म्हणाले, "आप्पा, आज मैं नहीं चलाता. तुम चलाव. मैं पीछे बैठतूं."

दोघं गेले आणि थोड्या वेळानं आले. गफूरभाई उतरले. हात पुसत राहिले. मग स्वतःची गाडी, जिच्यावरून ते रोज घरी जायचे-यायचे ती, पुढं काढली आणि किल्ली आप्पांच्या हातात दिली. "ये लेके जाव जरा. एक राऊंड मारो. फिर बोलो."

"ही कशाला?"

"फरक देखो ना."

आप्पा गेले. ते वळणापलीकडं गेल्यावर गफूरभाई माझ्याजवळ आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "मॅडम, गाडी में कुछ नहीं है. उनकी मूठ सुट रही है. मैं पीछे से देख्या. रेस देते, और हाथ अपने आप ढिला होता. उनकू मालूमच नहीं."

गेले काही दिवस औषधाच्या काचेच्या कुपीची मान आप्पांना मोडता येत नव्हती, ती ते माझ्याकडं सरकवत. शर्टाचं वरचं बटण उघडं असायचं. हे सगळं तेव्हा एकापाठोपाठ आठवलं.

आप्पा परत आले. गाडी स्टँडला लावली, त्यालाही दोनदा जोर करावा लागला. म्हणाले, "गफूर, हीबी तशीच करती."

गफूरभाईंनी मान खाली घालून हातातला पाना पुसायला घेतला.

"ही तुजी रोजची गाडी न्हवं?"

"हौ, आप्पा."

"मग हिला कदी पास्नं..." एवढं बोलून ते थांबले. त्यांनी एकदा त्या गाडीकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या गाडीकडं. मग उजवा पंजा वर करून डोळ्यांपुढं धरला आणि बोटं फाकवली. तीन बोटं सरळ झाली. दोन अर्धवट वाकलेलीच राहिली. अंगठा आणि पहिल्या बोटामधलं मांस आत गेलं होतं, तिथं खळगा पडला होता. पंजा त्यांनी बराच वेळ पाहिला, जनावराला पाहायचे तसाच, हात न लावता.

मग माझ्याकडं वळले. "मॅडम, माजा हात धरा बघू." मी हात दिला. "आता दाबतोय," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. माझ्या हाताला एखाद्या लहान मुलानं धरल्याएवढंच जाणवलं.

"दाबताय ना?" मी विचारलं.

"दाबतोय की," ते म्हणाले.

गफूरभाईंनी आप्पांच्या गाडीची किल्ली खिशात टाकली आणि गाडी इथंच राहू द्या म्हणाले. आप्पांनी वाद घातला नाही. मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून घरी सोडलं. इतक्या वर्षांत त्यांना कुणाच्या मागं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. पाय कुठं ठेवायचे तेही त्यांना कळेना.

हाडांच्या डॉक्टरांनी मानेत शीर दबली असेल, पट्ट्यानं सुटेल असं सांगितलं, तेव्हा आम्ही सगळे आनंदलो. शालनकाकूंनी पेढे वाटले. आप्पा मानेला पट्टा लावून दवाखान्यात यायला लागले. लोक विचारायचे, काय झालं, तर म्हणायचे, "जू बसलंय." तेव्हा मुलगा कामावर जायच्या आधी त्यांना सोडायचा. मग डाव्या हाताची मूठ सैल झाली. मग उजवा पाय उंबऱ्याला अडकायला लागला. पट्टा काढून टाकला.

मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडं मी सोबत गेले होते. त्यांनी सुया टोचून, यंत्रावर रेषा पाहून तपासणी केली. त्यांना संशय आला, तसं त्यांनी खात्रीसाठी पुण्याला पाठवलं. तिथंही मी होते. पुण्यातल्या डॉक्टरांनी तो संशय खरा ठरवला. रोगाचं नाव मोटर न्यूरॉन डिसीज. हालचाल घडवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. का होतं ते कळत नाही. आप्पांनी शांतपणे विचारलं, "मोटर म्हंजे इंजनच म्हणा की. मग दुरुस्ती?"

डॉक्टर म्हणाले, "एक गोळी आहे. रोग थोडा हळू होतो."

"थांबत न्हाय?"

"नाही."

"मी जनावरांचा डॉक्टर हाय, साहेब. मालकाला मी खरं सांगतो. तुमीबी सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. हात जातील, पाय जातील, मग बोलणं, मग गिळणं, मग श्वास. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहील. हे शेवटचं त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं असावं. आप्पांनी "बरं" म्हटलं. बाहेर येऊन बाकावर बसले आणि मला म्हणाले, "बुद्दी आदी गेली असती तर बरं झालं असतं."

या माणसानं शेवटपर्यंत धीर सोडला नाही असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. खरं ऐकून घेणारे आप्पा पुण्याहून परत येताना वाटेतच कुठंतरी संपले. नंतरचे आप्पा मिळेल तिथं गेले. टेंभुर्णीकडच्या एका मालिशवाल्याकडं आठवड्याला जायचे. कुणी पाला दिला तो खाल्ला, कुणी हाताला दोरा बांधला तो बांधून घेतला. काकूंवर चिडायचे, भांडी ढकलून द्यायचे, मग पुढं पुढं ढकलायलाही हात उठेना तेव्हा नुसते ओरडायचे. आणि एक दिवस मी भेटायला गेले, तर जड झालेल्या जिभेनं म्हणाले, "मॅडम, एक सलाईन लावा की."

मी म्हटलं, "आप्पा, मी जनावरांची डॉक्टर."

"मग जनावर समजून लावा."

मी काकूंकडं पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावून सलाईन लावली. थेंब पडताना आप्पा एकटक बघत होते. त्या दुपारी ते शांत झोपले. आठवड्यानं पुन्हा मागितली. पुन्हा लावली. ते थेंब काही करत नाहीत हे त्या खोलीत सगळ्यांत जास्त त्यांनाच माहीत होतं.

गाडी गफूरभाईंनी पुसून ठेवली होती. नंतर मुलगा ती घेऊन एमआयडीसीत जायला लागला. मी एकदा त्याला विचारलं, कशी चालते. तो खाली बघून म्हणाला, "एक नंबर. कदी अडखळली न्हाय."

आप्पा अंथरुणाला लागले तेव्हा काकूंना त्यांनीच शिकवलं. त्या वेळी शब्द अजून थोडे फुटत होते. इतक्या इतक्या वेळानं कूस बदला, टाचेखाली मऊ घाला, पाठीला हवा लागू द्या. ते सांगत होते आणि काकू मान डोलवत होत्या. मी दारात उभी होते, मला आत जाववेना.

सोलापुरात उचलायला माणसं कमी पडायला लागली, तसं त्यांना सांगोल्याकडं भावांच्या घरी नेलं. तिथं मी एकदाच गेले. माझी बदली झाली होती, नव्या गावाला रुजू व्हायच्या आधी भेटून यावं म्हणून गेले. एसटीनं उतरून थोडं चालावं लागलं. घरापुढं कडुलिंबाखाली बाज होती, आणि बाजेवर आप्पा. रुंद खांद्यांची नुसती चौकट राहिली होती. बोलणं बंद झालं होतं. काकूंनी सांगितलं, हो असलं की एकदा पापणी मिटतात. मग त्या पाणी आणायला गेल्या.

मी त्यांना दवाखान्याचं सांगितलं. आजीची गोष्ट काढली नाही. नवीन आलेल्या डॉक्टरांचं सांगितलं, कुणाच्या म्हशीला रेडी झाली ते सांगितलं. ते माझ्याकडं बघत होते. मग बोलायचं काही उरलं नाही म्हणून मी विचारलं, "आप्पा, इथं बरं वाटतं का?"

पापणी हलली नाही. ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा विचारलं. डोळे तसेच उघडे राहिले, माझ्या डोळ्यांत बघत. मग मी विचारलं नाही.

दिवस कलला आणि भावाची मेंढरं परत आली. बाजेच्या दोन्ही बाजूंनी ती वाडग्याकडं गेली, धूळ उडाली, आणि त्यांच्याबरोबर माशा आल्या. एक आप्पांच्या ओठाच्या कोपऱ्यावर बसली. मी हातानं हाकलली. ती कपाळावर बसली. तिथून हाकलली तर डोळ्याच्या कडेला. आप्पांची नजर तिच्याकडं वळली होती. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा हाकलली. माझा हात चालू होता आणि मला शेवटची गाडी गाठायची होती.

तेवढ्यात काकू कळशी घेऊन आल्या. "व्हय, मेंढरं आली की हे असंच," त्या म्हणाल्या, "रोजचंच हाय." कळशी खाली ठेवून त्यांनी उशाशी घडी घातलेला, विटून पांढरा पडलेला जुन्या साडीचा तुकडा उचलला, झटकला, आणि सवयीनं आप्पांच्या चेहऱ्यावरून अंथरला. कडा मानेखाली खोचल्या. मग त्या चहा टाकायला आत गेल्या.

मी कापडाखालच्या चेहऱ्याला म्हटलं, "येते आप्पा."

गल्लीच्या टोकाशी वळून पाहिलं. अंगणात कुणीच नव्हतं. बाजेवर ते पांढरं पातळ कापड दिसत होतं. तोंडाच्या जागी ते थोडं आत ओढलं जायचं, थोडा वेळ तसंच राहायचं, आणि मग हळूहळू वर यायचं.